गॅलरीतल्या कबुतरावर छर्‍याची बंदूक चालवली तर? इंग्लंडमध्ये जे चालतं ते इथे का चालत नाही

सकाळी गॅलरीचं दार उघडावं तर कुंडीत दोन अंडी, एसीच्या आउटडोअर युनिटवर विष्ठेचा थर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरे डाग. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, कुठल्याही शहरात फ्लॅटमध्ये राहणार्‍या माणसाला हे दृश्य नवीन नाही. टाळ्या वाजवून झाल्या, जुन्या सीडी टांगून झाल्या, प्लॅस्टिकचं घुबडही आणून बसवलं. कबूतर त्या घुबडाच्या डोक्यावर येऊन बसलं.

मग एखाद्या रात्री मोबाइलवर एक रील समोर येतं. इंग्लंडमधला एक माणूस, हातात दुर्बीण लावलेली एअरगन, समोर गोठ्याच्या तुळईवर बसलेली कबुतरं. खाली लिहिलेलं असतं, 'कायदेशीर पक्षी नियंत्रण'. आणि कमेंटमध्ये आपल्याच माणसांचा प्रश्न दिसतो : ही कुठे मिळते? लायसन्स लागतं का?

उत्तर अर्धं सोपं आहे. ठरावीक ताकदीपर्यंतची एअरगन भारतात परवान्याशिवाय मिळते. पण बंदूक घ्यायला परवाना लागत नाही याचा अर्थ तिने पक्षी मारायला परवानगी आहे, असा होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की प्रकरण थेट पोलीस ठाण्यात जाऊ शकतं. आणि गंमत म्हणजे, ज्या इंग्लंडचा दाखला दिला जातो तिथेही 'त्रास देतात म्हणून मारले' हे कारण चालत नाही.

म्हणून आधी तिथलं गणित समजून घेऊ, मग आपल्याकडचं.

इंग्लंडमध्ये कबूतर मारायला परवानगी आहे का?

आहे, पण ती सरसकट नाही. ब्रिटनमध्ये १९८१ चा वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक जंगली पक्षी, त्याचं घरटं आणि अंडी यांना संरक्षण आहे. कावळा, कबूतर, साळुंकीचा भाऊबंद स्टार्लिंग, सगळे त्यात आले. म्हणजे सुरुवात 'मारू नका' इथून होते.

मग सूट कुठून येते? त्याच कायद्याच्या १६ व्या कलमातून. तिथे सरकारी यंत्रणा काही ठरावीक कारणांसाठी परवाने देऊ शकते. त्यातला एक प्रकार म्हणजे 'जनरल लायसन्स'. हा परवाना कुणाच्या नावावर निघत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, फी भरावी लागत नाही. सरकार एक कागद जाहीर करतं, त्यात पक्ष्यांची यादी, कारणं आणि अटी असतात. त्या अटी पाळणारा जमीनमालक, किंवा त्याने परवानगी दिलेला माणूस, तो परवाना वापरू शकतो. अट मोडली की परवाना आपल्यापुरता संपला, आणि मग तुम्ही थेट गुन्हेगार. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंडाला वरची मर्यादा नाही.

कारणं कोणती चालतात? पिकांचं, जनावरांचं, फळबागेचं गंभीर नुकसान. सार्वजनिक आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका. दुसर्‍या वन्यजीवांचं रक्षण. बस. गाडीवर विष्ठा पडते, पहाटे आवाज करतात, छपरावर घाण होते, यातलं एकही कारण या यादीत बसत नाही. शिवाय आधी जाळी लावणं, खाणं बंद करणं, हुसकावणं असे मार्ग करून पाहिलेले असले पाहिजेत. रीलमध्ये हे सगळं दिसत नाही. तिथे दिसतो फक्त शेवटचा सेकंद.

आणि बंदुकीचे नियम वेगळेच

पक्ष्याचा कायदा एक, बंदुकीचा दुसरा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पाउंडपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६ ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. एअर पिस्तुलासाठी ही मर्यादा ६ फूट-पाउंड. विकत घ्यायला वय १८ पूर्ण हवं. छर्रा तुमच्या आवाराच्या बाहेर गेला, तर तोच स्वतंत्र गुन्हा, मग तो कुणाला लागो न लागो. सार्वजनिक रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत गोळी झाडून कुणाला इजा किंवा अडथळा झाला, तर आणखी एक गुन्हा.

स्कॉटलंड तर याच्या पुढे गेलं. तिथे ३१ डिसेंबर २०१६ पासून साधी एअरगन जवळ ठेवायलाही परवाना लागतो.

आता स्वतःच्या सोसायटीचं चित्र डोळ्यासमोर आणा. 'आवाराच्या बाहेर छर्रा जाता कामा नये' ही एकच अट लावली, तरी समोरासमोर विंग असलेल्या इमारतीत एअरगन चालवता येईल अशी जागा सापडेल का?

२०१९ साली तिघांनी अख्खा परवानाच पाडला

ही जनरल लायसन्सची पद्धत १९९० च्या दशकापासून निवांत चालू होती. दरवर्षी जुनाच कागद थोडाफार बदलून निघायचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये टीव्हीवरचे निसर्ग कार्यक्रम सादर करणारे क्रिस पॅकहॅम, पक्षी संवर्धनात आयुष्य घालवलेले मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे या तिघांनी 'वाइल्ड जस्टिस' नावाची संस्था काढली आणि या परवान्यांनाच आव्हान दिलं.

त्यांचा मुद्दा 'एकही पक्षी मारू नका' असा नव्हता. मुद्दा कायद्याचा होता. कायदा सांगतो की दुसरा समाधानकारक उपाय नाही, याची खात्री परवाना देणार्‍या यंत्रणेने करायची. इथे ती जबाबदारी बंदूक हातात असलेल्या माणसावर सोडून दिली होती. म्हणजे ज्याला गोळी झाडायची आहे, त्यानेच ठरवायचं की दुसरा इलाज उरला नाही.

परवाने देणारी सरकारी संस्था 'नॅचरल इंग्लंड' हिने वकिलांचा सल्ला घेतला आणि आपली बाजू टिकणार नाही हे मान्य केलं. २३ एप्रिल २०१९ ला घोषणा झाली आणि २५ एप्रिलला तिन्ही मुख्य परवाने रद्द. सोळा प्रकारचे पक्षी या परवान्यांच्या यादीत होते. शेतकर्‍यांना मिळाले जेमतेम दोन दिवस, तेही मेंढ्या वितात त्या हंगामात, जेव्हा कावळे नवजात कोकरांचे डोळे टोचतात ही तिथल्या मेंढपाळांची जुनी तक्रार आहे. पेरणी झालेल्या शेतांवर कबुतरांचे थवे उतरत होते. गावाकडे संतापाची लाट आली. पॅकहॅम यांच्या घराच्या फाटकाला मेलेले कावळे टांगले गेले.

मे महिन्याच्या सुरुवातीला पर्यावरण मंत्री मायकल गव्ह यांनी निर्णयाचा अधिकार स्वतःकडे घेतला. १४ जूनला नवे परवाने निघाले. पुढे सल्लामसलत होऊन २०२१ च्या सुरुवातीपासून आणखी सुधारलेले परवाने लागू झाले.

या सगळ्यातून काय बदललं? कबुतरं, कावळे मारणं तिथे बंद झालं नाही. पण 'हे उपद्रवी पक्षी आहेत, खुशाल मारा' ही समजूत संपली. कोणता पक्षी, कशासाठी, दुसरं काय करून पाहिलं, या प्रश्नांची उत्तरं आता कागदावर लागतात. शेतकर्‍यांची तक्रार खोटी नव्हती, पक्षीप्रेमींचा कायद्याचा मुद्दाही खोटा नव्हता. चूक होती ती वर्षानुवर्षं कागद न तपासता सही करणार्‍या यंत्रणेची. आपल्याला हे ओळखीचं वाटेल.

जाता जाता एक गोष्ट. आपला गळ्यात लाल कंठ असलेला हिरवा पोपट लंडनच्या बागांमध्ये मोठ्या संख्येने स्थायिक झाला आहे. पिंजर्‍यातून सुटलेल्या पक्ष्यांची ही पिल्लावळ. २०१० मध्ये इंग्लंडने त्याचंही नाव जनरल लायसन्सच्या यादीत घातलं. तोच पोपट आपल्याकडे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, इतका की त्याला पिंजर्‍यात पाळणंही गुन्हा आहे. पक्षी तोच, पण सीमा ओलांडली की कायदा उलटा. म्हणून परदेशी रील बघून इथे निर्णय घ्यायचा नसतो.

आपल्याकडे एअरगनचा नियम काय आहे?

शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या व्यासाची किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीची एअरगन असेल तर परवाना हवा. त्याच्या खालच्या एअरगनला परवान्यातून सूट आहे. नेमबाजीचा सराव करणारी मुलं-मुली वापरतात ती बहुतेक याच गटातली. लक्षात घ्या, परवाना न लागणारी आपली मर्यादा इंग्लंडच्या १६ ज्यूलपेक्षा जास्तच आहे. २० ज्यूलच्या आतला छर्राही डोळा कायमचा निकामी करू शकतो.

म्हणजे बंदूक घरात असणं गुन्हा नाही. पत्र्याच्या डब्यावर, कागदी निशाणावर, सुरक्षित जागी सराव करणंही गुन्हा नाही. गुन्हा सुरू होतो तो नेम सजीवावर लागला की.

पक्ष्यावर चालवली तर कोणती कलमं लागतात?

पहिला कायदा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. याच्या ९ व्या कलमाने शिकारीवर बंदी आहे. शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नाही. जखमी करणं, पकडणं, तसा प्रयत्न करणं, घरटं-अंडी नष्ट करणं हेही त्या व्याख्येत येतं. पूर्वी या कायद्यात पाचवी अनुसूची होती. तिला 'उपद्रवी प्राण्यांची यादी' म्हणत. कावळा, उंदीर, घुशी, फळं खाणारी वटवाघळं त्यात होती, आणि त्यांना मारायला परवानगी लागत नसे. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा असेल तर केंद्र सरकारला ६२ व्या कलमाखाली ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीसाठी वेगळी अधिसूचना काढावी लागते. त्यामुळे 'कावळा मारला तर काय होतं, तो तर उपद्रवी यादीत आहे' हे आजोबांच्या काळचं ज्ञान आता विसरायचं. मोरासारखा पहिल्या अनुसूचीतला पक्षी असेल तर तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसरा कायदा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा, १९६० चा. हा कुठल्याही प्राण्याला, पक्ष्याला लागू होतो. अनुसूचीत नाव असो वा नसो. यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही १० ते ५० रुपये आहे. त्यामुळे अनेकांना वाटतं, पन्नास रुपये भरले की सुटलो.

तसं नाही, कारण तिसरा कायदा आहे भारतीय न्याय संहिता. तिच्या ३२५ व्या कलमात प्राण्याला मारणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या प्रकरणांत पोलीस हेच कलम लावतात. शिवाय १२५ वं कलम आहे : बेपर्वाईने दुसर्‍याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालणं. समोरच्या विंगेतल्या कुणाच्या काचेला, किंवा गॅलरीत खेळणार्‍या मुलाला छर्रा लागला तर कबूतर बाजूला राहतं आणि हे कलम पुढे येतं. गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद.

थोडक्यात, इंग्लंडमध्ये जसा कुणीही वापरू शकेल असा 'जनरल' परवाना आहे, तसा कागद आपल्याकडे अस्तित्वातच नाही. घराभोवतीचे पक्षी एअरगनने कायदेशीरपणे मारण्याचा मार्ग फ्लॅटमधल्या माणसाला उपलब्ध नाही.

एअरगन खाली ठेवणारी गावं

एअरगन आणि पक्षी म्हटलं की भारतात एका राज्याचं नाव घ्यावंच लागतं, अरुणाचल प्रदेश. तिथे शिकार ही जुनी रीत, आणि स्वस्त एअरगन घरोघरी. जंगलात पक्ष्यांचा आवाज कमी होत चालला, तेव्हा मार्च २०२१ मध्ये तिथल्या सरकारने 'एअरगन सरेंडर अभियान' सुरू केलं. सक्ती नाही, पैशाचं आमिष नाही, गावकर्‍यांनी आपणहून बंदूक आणून द्यायची. जानेवारी २०२२ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी सांगितलं तोवर १६०० हून जास्त एअरगन जमा झाल्या होत्या. ज्यांची पिढ्यानपिढ्यांची सवय होती त्यांनी ती सोडली, आणि आपण शहरात बसून ती नव्याने धरायच्या गोष्टी करतोय.

पण मग कबुतरांचा त्रास खोटा आहे का?

अजिबात नाही. आणि इथेच या विषयावरच्या चर्चेत गडबड होते. एका बाजूला 'मुक्या जिवाला दाणे टाकणं हे पुण्य', दुसर्‍या बाजूला 'मारून टाका'. मधला, दमेकरी आजी असलेल्या घरातला माणूस कुणालाच दिसत नाही.

कबुतरांच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ आणि पिसांमधली प्रथिनं श्वासावाटे सतत आत जात राहिली, तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांच्यात दुर्लक्ष झालं तर फुप्फुसं कडक होत जातात आणि ते नुकसान भरून येत नाही. कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप महिनोन्‌महिने जात नसेल, तर छातीच्या डॉक्टरला 'घरात कबुतरांचा वावर आहे' हे आवर्जून सांगा.

याच कारणावरून २०२५ मध्ये मुंबईत केवढं रामायण झालं ते आठवा. जुलैमध्ये विधान परिषदेत शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचं सरकारने सांगितलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने आरोग्याचा मुद्दा उचलून धरला, बंदी मोडून दाणे टाकणार्‍यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं. महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली. ६ ऑगस्टला जमावाने ती फाडली. त्यात जैन समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. पाठोपाठ मराठी संघटना बंदीच्या बाजूने रस्त्यावर आल्या. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. पुढे महापालिकेने वरळी, अंधेरी, मुलुंड आणि बोरिवली भागांत चार जागा ठरवून सकाळी सात ते नऊ या वेळेत दाणे टाकायला तात्पुरती परवानगी दिली.

एवढ्या गदारोळात एक गोष्ट मात्र नीट पाहा. सरकार, न्यायालय, महापालिका यांच्यापैकी कुणीही कबुतरं मारायचं बोललं नाही. वाद झाला तो दाण्यांवर. आणि शास्त्राच्या दृष्टीने तीच जागा बरोबर होती.

मारून संख्या कमी होते का? बासेल शहराचा हिशोब

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९६१ ते १९८५ या काळात तिथे सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली. शहरातली कबुतरांची संख्या मात्र वीस हजारांच्या आसपास होती तेवढीच राहिली. कारण साधं आहे. कबुतरं किती असणार हे ठरतं ते खाणं किती आहे यावर. दहा मारली तर त्यांच्या वाट्याचं खाणं खाऊन उरलेल्यांची पिल्लं जगतात. कबूतर वर्षभर अंडी घालतं, एका वेळी दोन. अठरा दिवसांत पिल्लू, आणखी महिन्याभरात उडायला तयार.

१९८८ मध्ये संशोधक डॅनियल हाग-वाकरनागेल यांच्या पुढाकाराने तिथे वेगळी मोहीम सुरू झाली. लोकांना पटवून दिलं की जास्त दाणे म्हणजे जास्त गर्दी, जास्त आजार, पिल्लांचे हाल. दाणे टाकणं कमी झालं. ज्यांना टाकायचेच होते त्यांच्यासाठी ठरावीक जागा आणि देखरेखीखालची खुराडी केली. चार वर्षांच्या आसपास कबुतरांची संख्या निम्म्यावर आली. बंदुकीला पंचवीस वर्षांत जमलं नाही ते दाण्याच्या पिशवीला गाठ मारून जमलं.

मग आपण करायचं काय?

सगळ्यात आधी खाणं. सोसायटीच्या गच्चीवर, जिन्यात, खिडकीच्या ग्रिलमध्ये कुणी दाणे टाकत असेल तर बाकी सगळे उपाय व्यर्थ आहेत. हे काम भांडून होत नाही. सर्वसाधारण सभेत विषय घ्या, डॉक्टरांचं म्हणणं मांडा. टाकणार्‍या काकूंना शत्रू करू नका, त्या वाईट हेतूने करत नाहीत.

दुसरं, जागा. कबुतराला सपाट, आडोशाची जागा लागते. एसीच्या युनिटमागची फट, डक्ट, छज्जा बंद करा. जाळी लावताना आत घरटं, अंडी किंवा पिल्लू अडकलेलं नाही ना हे पाहून घ्या. पिल्लू असेल तर महिनाभर थांबा आणि ते उडालं की त्याच दिवशी जागा साफ करून जाळी ठोका. जाळी ताणलेली हवी. ढिल्या जाळीत पक्षी अडकून मरतात आणि मग वासाचा नवा त्रास सुरू होतो.

तिसरं, सफाई. सुकलेली विष्ठा झाडूने कधीही झाडू नका, धूळ सरळ छातीत जाते. आधी पाणी मारून ओली करा, तोंडाला मास्क, हातात मोजे, मग खरवडा. घरात दम्याचा किंवा फुप्फुसाचा रुग्ण असेल तर त्याने हे काम करू नये.

आणि सोसायटीत कुणी एअरगन चालवताना दिसलं तर ११२ ला फोन करा. जखमी पक्षी सापडला तर खोक्यात, अंधारात, शांत ठेवून जवळच्या पशुवैद्यकाकडे किंवा वन विभागाकडे पोचवा. त्याला पाणी पाजायचा प्रयत्न करू नका.

कबुतराचा राग येणं स्वाभाविक आहे. पण ते कुंडीत अंडी घालायला आलं ते आपणच पोसलं म्हणून, आणि डोंगरकपारीसारखे छज्जे आपणच बांधून दिले म्हणून. पुढच्या वेळी ते रील समोर आलं आणि खाली कुणी विचारलं, 'ही कुठे मिळते?' तर त्याला सांगा, जाळीवाल्याचा नंबर देतो, वकिलाच्या फीपेक्षा स्वस्त पडेल.